स्कायलर डोक्यात का जाते?

'ब्रेकिंग बॅड'चा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, सिरीज एक नंबर आहे पण ती वॉल्टरची बायको स्कायलर डोक्यात जाते यार. मग दुसरा म्हणतो तिचे सीन मी पुढे ढकलून बघितले, तिसरा म्हणतो ती जरा गप्प बसली असती तर वॉल्टरचं सगळं नीट झालं असतं. हे बोलणारी माणसं चांगली असतात, विचार करणारी असतात, त्यात बायकाही भरपूर असतात, म्हणूनच मला हा विषय 'चालायचंच' म्हणून सोडून देता येत नाही. एका माणसाने आपल्या हाताने आपल्या घराची राखरांगोळी केली आणि ते सगळं आपण डोळ्यांनी बघितलं, तरी प्रेक्षक त्याला माफ करतात आणि त्याला 'कुठे होतास' विचारणाऱ्या बायकोला करत नाहीत, हे कसं काय? (ज्यांनी सिरीज बघितली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळी गोष्ट उघड होणार आहे.)

मला याचं उत्तर असं वाटतं की आपण पहिल्या भागापासून वॉल्टरच्या गुपितात सामील असतो आणि ती नसते, बस एवढंच. एकदा गुपितात सामील झालं की ते उघडं पाडू बघणारं माणूस आपोआप शत्रू वाटायला लागतं. सुरुवातीला हे कॅमेरा आपल्याकडून करून घेतो, पण पाच सीझन झाल्यावरही तेच मत राहिलं असेल तर त्याची जबाबदारी मग आपली आहे.

पहिला भाग परत बघा. ही सिरीज अमेरिकेतल्या एएमसी वाहिनीवर 20 जानेवारी 2008 ला सुरू झाली. न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की शहर, वॉल्टर व्हाइट शाळेत केमिस्ट्री शिकवतो, पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशमध्ये गाड्या पण धुतो, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि बायको परत गरोदर आहे. पन्नासाव्या वाढदिवसाच्या सकाळी ती त्याच्या ताटात व्हेज बेकनच्या पट्ट्या 50 च्या आकारात लावून देते. लगेच पुढे त्याला कळतं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तेव्हा तरी ऑपरेशन होण्यासारखा नाही. तो हे पोटात ठेवून घरी येतो आणि ती विचारते, मागच्या महिन्यात मास्टरकार्ड वापरलं होतंस का, 15 डॉलर 88 सेंट, स्टेशनरीच्या दुकानात? तो म्हणतो प्रिंटरचे कागद संपले होते. ती म्हणते ते कार्ड आपण वापरत नाही ना.

हा सीन बघून बहुतेक प्रेक्षकांचं तिच्याबद्दलचं मत ठरून जातं. माणूस मरायला टेकलाय आणि ही पंधरा डॉलरचा हिशोब मागतेय! पण तिला माहीतच नाहीये की तो मरायला टेकलाय, हे फक्त त्याला माहीत आहे आणि आपल्याला. तिच्या जागेवरून बघितलं तर काय आहे? दोन नोकऱ्या करूनही पैसा पुरत नाही, एका कार्डवरची उधारी बहुतेक चढलेली आहे, काही महिन्यांनी बाळ येणार आहे आणि घराचा हिशोब ती ठेवते. तिने विचारलेला प्रश्न कुठल्याही घरात कोणीही विचारेल असा आहे. तो आपल्याला क्रूर वाटतो तो आपल्याजवळच्या माहितीमुळे. आणि अख्खी सिरीज हीच युक्ती परत परत वापरते, तो कुठे जातो हे आपण बघितलेलं असतं, त्यामुळे तिने 'कुठे होतास' विचारलं की आपल्याला ती कटकट वाटते, आपण मनात म्हणतो अगं सोड ना, तो दमून आलाय. तो कशाने दमलाय? तर वाळवंटात एका जुन्या गाडीत मेथ नावाचं ड्रग बनवून.

आता 'कुटुंबासाठी केलं' या वाक्याकडे येऊ, कारण वॉल्टरच्या बाजूने बोलणारे सगळे शेवटी इथेच येऊन थांबतात. पहिल्याच सीझनच्या पाचव्या भागात त्याचे जुने सहकारी एलियट आणि ग्रेचेन त्याला नोकरी देऊ करतात, उपचाराचा खर्च आम्ही उचलतो म्हणतात. म्हणजे पैशाचा प्रश्न तिथे सुटला होता. तो नाही म्हणतो आणि परत मेथ बनवायला जातो. का? कारण त्यांच्याकडून घेणं त्याच्या अहंकाराला झेपत नाही. आणि या भागाबद्दलसुद्धा तक्रार स्कायलरचीच होते, की तिने नवऱ्याचा आजार बाहेर का सांगितला! जिने मदत मिळवून आणली ती चुगलखोर आणि ज्याने मदत लाथाडली तो स्वाभिमानी. एकदा हा भाग नीट बघितला की पुढचे पन्नासहून जास्त भाग 'बिचारा, परिस्थितीने केलं त्याला' असं म्हणता येत नाही, निदान मला तरी नाही.

दुसरा सीझन घ्या. तो गायब होतो, मग एका सुपरमार्केटमध्ये नागडा सापडतो आणि सांगतो की स्मृती गेली होती. ती दवाखान्यात धावते, रडते, काळजी करते आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की कुठेतरी काहीतरी जुळत नाहीये. त्याच्याकडे दुसरा फोन आहे हे तिला वाटत असतं, तो साफ नाकारतो. मग ऑपरेशनच्या आधी तो औषधाच्या गुंगीत असताना ती सहज विचारते फोन आणलायस का, आणि तो बोलून जातो, कुठला? त्या एका शब्दावर ती थांबते. पण लगेच भांडत नाही, ऑपरेशन होऊ देते, तो बरा होईपर्यंत सेवा करते आणि दरम्यान शांतपणे एकेक फोन लावून खात्री करते. त्याच्या आईला फोन करते तर आईला कॅन्सरचं माहीतच नाही. ग्रेचेनला करते तर कळतं त्यांनी एक पैसा दिलेला नाही. आणि मग सामान घेऊन निघते, जाताना सांगते की खरं काय ते जाणून घ्यायचीही मला भीती वाटते. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती स्वतःच ओळखते की हा माणूस ड्रग्ज विकतो.

याच घरातला दुसरा माणूस म्हणजे हँक, तिच्या बहिणीचा नवरा, डीईए या अमेरिकेच्या ड्रग्जविरोधी खात्यातला अधिकारी, ज्याचं कामच मेथवाले पकडणं आहे. त्याच टेबलावर जेवतो, वॉल्टरला मिठी मारतो, आणि त्याला कळायला पाचव्या सीझनचा मध्य उजाडतो, तेही वॉल्टरच्या घरच्या बाथरूममध्ये एक पुस्तक हाती लागलं म्हणून. हँकच्या शोधाला प्रेक्षक श्वास रोखून बसतात. तोच शोध बायकोने दोन सीझन आधी, हातात ना बॅज ना बंदूक, पोटात नाहीतर कडेवर बाळ अशा अवस्थेत लावला तर त्याला आपण काय म्हणतो? संशयी. मला हा फरक खरंच समजून घ्यायचाय, कारण दोघं करतायत ते एकच काम आहे.

आता टेड. स्कायलरला नावं ठेवणाऱ्यांचा हा हुकमाचा एक्का, की तिने नवऱ्याला फसवलं, ऑफिसातल्या बॉससोबत गेली. हो, गेली, आणि तो सीन मुद्दाम लागावा असाच केलाय. पण त्याच्या आधी काय झालेलं असतं ते कोणाला आठवत नाही. तिने त्याला घराबाहेर काढलेलं आहे, घटस्फोट मागितलाय, आणि तो तिला न विचारता सामान घेऊन घरात परत घुसतो. ती पोलिसांना बोलावते. पोलीस येतात तेव्हा हा तान्ही मुलगी हातात घेऊन प्रेमळ बाप बनून उभा असतो, मुलगा आईवरच चिडलेला असतो की बाबाला का छळतेस. पोलीस विचारतात त्याने मारहाण वगैरे केलीय का, काही गुन्हा केलाय का. ती तोंड उघडू शकत नाही, कारण खरं सांगितलं तर मुलाला कळेल त्याचा बाप कोण आहे. पोलीस म्हणतात मग आम्ही काही करू शकत नाही. त्या घरात, त्या माणसासोबत, ती अडकते. त्यानंतर ती टेडकडे जाते आणि येऊन तोंडावर सांगते. तिच्याकडे दुसरं कुठलंही हत्यार शिल्लक ठेवलेलं नव्हतं. याला चांगलं वागणं म्हणा असं मी म्हणत नाहीये, पण प्रेक्षकांनी त्या भागातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं आणि आधीची चाळीस मिनिटं पुसून टाकली.

त्या सीनमध्ये मुलगा बापाची बाजू घेतो याचं मला वाईट वाटतं पण राग येत नाही, कारण त्याला काही माहीतच नाही. प्रेक्षकाला मात्र सगळं माहीत असतं आणि तरी तो त्या पोरासारखंच मत देतो, हे मला पटत नाही.

ती पुढे धुतल्या तांदळासारखी राहत नाही हेही खरंच. कार वॉश विकत घेऊन काळा पैसा पांढरा करायची कल्पना ती उचलून धरते, खोटे हिशोब लिहिते, टेडचा टॅक्स भरायला नवऱ्याच्या पैशातून 6 लाखांहून जास्त डॉलर देऊन टाकते, म्हणजे टॅक्सवाल्यांची चौकशी आपल्यापर्यंत येऊ नये, आणि नेमके तेच पैसे वॉल्टरला जीव वाचवायला हवे असतात तेव्हा नसतात. यावरून तिला दुटप्पी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, ती गुन्ह्यात भागीदार झाली, स्वतःच्या मर्जीने झाली, आणि मला ती पात्र म्हणून आवडते तीही याचमुळे. पण मग तोच तराजू त्याच्यासाठी पण काढा ना. धंद्यातला साथीदार जेसी, त्याची मैत्रीण जेन डोळ्यांसमोर गुदमरून मरत असताना तो नुसता उभा राहून बघतो. एका लहान मुलाला विष देतो. तुरुंगातली दहा माणसं दोन मिनिटांत मारायची व्यवस्था करतो. आणि दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात स्वयंपाकघरात बायकोवर जबरदस्ती करतो, तिचं डोकं फ्रिजवर आपटतं, ती थांब थांब म्हणून ओरडते तेव्हा कुठे सोडतो, हा सीन तर प्रेक्षकांच्या चर्चेत मला कधी सापडतच नाही. टेडचा मात्र प्रत्येक वेळी सापडतो.

एक सीन तर मला वाटतं सगळ्यांनी नुसता कान देऊन परत ऐकावा. पाचव्या सीझनचा चौथा भाग, त्याचा 51 वा वाढदिवस. सगळे जेवून बाहेर बसलेत, तो आपल्या आजारपणाचं, बायकोने केलेल्या सेवेचं भाषण देतोय आणि ती कपड्यांसकट सावकाश स्विमिंग पूलमध्ये उतरत जाते. यामुळे मुलं काही दिवस मावशीकडे जातात, तिला तेच हवं असतं. रात्री बेडरूममध्ये ती म्हणते मुलं या घरात राहणार नाहीत, आणि तो तिची एकेक वाट बंद करत जातो, पोलिसांकडे जाशील? मग मुलाला काय सांगशील? स्वतःला इजा करून माझ्यावर घालशील? मग वेड्यांच्या दवाखान्यात पाठवू का तुला? बोल, पुढचा डाव काय? ती सांगते, माझ्याकडे कुठलाच डाव नाही, मी फक्त वाट बघू शकते. तो विचारतो कशाची. ती म्हणते, कॅन्सर परत यायची. हा एका घरातल्या बाईचा कोंडमारा इतका स्वच्छ मी टीव्हीवर क्वचितच बघितलाय, आणि यावरही प्रेक्षकांचं मत काय, तर किती निर्दयी बाई, नवऱ्याच्या मरणाची वाट बघते.

कोणी म्हणेल की गोष्टीत नायकाच्या आड येणाऱ्याचा राग येणारच, त्यात बाई-पुरुष काही नाही. मला हे अर्धंच पटतं. हँकही आड येतो, त्याचा असा राग कोणी करत नाही. आणि दुसऱ्या सिरीजमधल्या बायका बघा. 'द सोप्रानोज'मधली कार्मेला, एचबीओ, 1999 ते 2007, न्यू जर्सीतलं माफिया कुटुंब. तिला सगळं माहीत असतं, पैसा कुठून येतो ते कळत असतं, ती चर्चमध्ये जाऊन मनाची समजूत घालते आणि घर चालवते. तिसऱ्या सीझनमध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ तिला तोंडावर सांगतो की मुलांना घेऊन बाहेर पड, त्या पैशाला हात लावू नकोस, आणि तिच्याकडून फी घ्यायलाही नकार देतो, म्हणतो तुला कोणी सांगितलं नव्हतं असं आता तू म्हणू शकणार नाहीस. ती ऐकते आणि परत घरी जाते. कार्मेलाच्या वाट्याला स्कायलरसारखा द्वेष कधी आला नाही. का आला नाही? कारण बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या धंद्याच्या आड येत नाही. याच सिरीजच्या पाचव्या भागात तिचा नवरा टोनी पोरीला कॉलेज दाखवायला नेतो आणि वाटेत एका जुन्या फितुराचा स्वतःच्या हाताने गळा आवळतो, तेव्हा वाहिनीला धास्ती होती की हे बघून प्रेक्षक टोनीला सोडून जातील. कोणी गेलं नाही. बाप-लेकीच्या सहलीत माणूस मारून आलेला चालला.

आणि 'ओझार्क'मधली वेंडी बर्ड, नेटफ्लिक्स, 2017 ते 2022. ती अजिबात आड येत नाही, उलट नवऱ्याच्या दोन पावलं पुढे जाते, ड्रग्जच्या कार्टेलशी बोलणी करते, राजकारण्यांना खिशात घालते आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी सख्ख्या भावाला मारेकऱ्यांच्या हवाली करते. तिचा राग येणं समजू शकतं. पण हा सगळा पसारा नवऱ्याने, मार्टीने सुरू केला, कुटुंब ओझार्क भागात राहायला जाण्याच्या आधीच तो कार्टेलचे पैसे धुत होता, आणि प्रेक्षकांच्या बोलण्यात मार्टी कायम शांत, समजूतदार, बायकोच्या हावेत भरडला गेलेला. म्हणजे अडवलं तर कटकटी, गप्प बसली तर ठीक, सोबत निघाली आणि पुढे गेली तर चेटकीण. 'आड येणाऱ्याचा राग' हा नियम वेंडीला लागू पडत नाही, मग राग कशाचा?

हे सगळं फक्त पात्राबद्दल असतं तर एवढं लिहिलं नसतं. स्कायलरचं काम करणाऱ्या ॲना गनने ऑगस्ट 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतः लेख लिहिला. लोकांनी पात्राचा द्वेष करायला फेसबुकवर पानं काढली होती, त्यांना हजारोंनी पाठिंबा होता, आणि मग तो राग पात्रावरून तिच्यावर घसरला, ही कुठे सापडेल म्हणजे हिला मारता येईल असं लिहिण्यापर्यंत गेला. ती लिहिते की तिला स्वतःच्या सुरक्षिततेची चिंता वाटायला लागली. वॉल्टरचं काम करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनला लोक हिरो म्हणून डोक्यावर घेत होते, ज्याने पडद्यावर इतकी माणसं मारली. 'अहो सिरीज आहे, एवढं काय मनावर घेता' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर मनावर घ्यावं, कारण सिरीज आणि खरं माणूस यातला फरक विसरणारे प्रेक्षकच होते. गनला त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं, ते योग्यच झालं, पण त्याने धमकीची भरपाई होत नाही.

सिरीजचे कर्ते विन्स गिलिगन तेव्हा म्हणाले होते की ज्यांना स्कायलरचा त्रास होतो ते सरळसरळ बाईद्वेष्टे आहेत. मला त्यांचा संताप समजतो पण एवढं म्हणून त्यांना हात झटकता येणार नाहीत. पहिल्या भागात ते पंधरा डॉलर त्यांनी लिहिले, वाढदिवसाच्या रात्री बेडवर तिचं निम्मं लक्ष लॅपटॉपवरच्या लिलावात त्यांनी ठेवलं, आपल्याला वॉल्टरच्या डोक्यात बसवून तिला बाहेर उभं त्यांनी केलं. प्रेक्षकाला इतकं एका बाजूला झुकवायचं आणि मग तो झुकला म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही. त्यांच्या बाजूने एवढं मात्र म्हणावं लागेल की पुढच्या सीझनमध्ये त्यांनी परत सरळ बसायची संधी भरपूर दिली.

सगळ्यात मोठी संधी 15 सप्टेंबर 2013 च्या भागात. हँक मारला गेलाय, वॉल्टर तान्ह्या पोरीला उचलून पळालाय आणि तो घरी फोन करतो. पोलीस ऐकतायत हे त्याला माहीत आहे. तो तिला वाट्टेल ते बोलतो, शिवी देतो, तू कायम कुरकुर केलीस, मी पैसा कसा कमावतो यावर तक्रारी केल्यास, कधी उपकार मानले नाहीस, म्हणून ओरडतो. ही वाक्यं ओळखीची वाटतात, कारण पाच वर्षं प्रेक्षक तिच्याबद्दल हेच बोलत होते. आणि हे बोलताना तो रडत असतो, कारण हे नाटक आहे, तिला यातलं काही माहीत नव्हतं, ती धाकाखाली होती, असं पोलिसांना वाटावं म्हणून केलेलं. मला वाटतं त्यात थोडं खरंही आहे, इतका राग नुसता आणता येत नाही. पण तेव्हाही काही लोक खूश झाले की बरं झालं, शेवटी कोणीतरी तिला सुनावलं.

आणि दोन आठवड्यांनी शेवटच्या भागात तो तिला भेटायला येतो. ती सांगते, हे कुटुंबासाठी केलं असं परत ऐकवू नकोस. आणि तो पहिल्यांदा कबूल करतो की मी हे माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं, मला ते चांगलं जमत होतं. हे तो जेसीला सांगत नाही, मुलाला सांगत नाही, आपल्याला तर नाहीच, तिला सांगतो, कारण एवढी वर्षं हे त्याच्या तोंडून काढायचा प्रयत्न तिनेच केला होता. तरी अजून लोक म्हणतात त्याने जे केलं ते घरासाठी केलं आणि बायकोने वाट लावली. तो माणूस स्वतः नाही म्हणतोय, मग तुम्ही अजून कुणासाठी भांडताय?